पैठणची ओवी, रायतूरचे पुराण आणि घरचे जाते

बहुतेक वर्षी नाथषष्ठी उपवासकाळातच येते. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आगेमागे पैठणच्या रस्त्याने दिंड्या चाललेल्या असतात, आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी आपल्या धर्मग्रामांतून क्रूसाची वाट चालू असते. लहानपणी गावच्या देवळात, दहाव्या की अकराव्या स्थानापाशी गुडघे टेकले असताना, रस्त्यावरून जाणाऱ्या टाळांचा नाद खिडकीतून आत आल्याचे आम्हांस स्पष्ट आठवते. कोणी मान वळवीत नसे. परंतु पुढचे गीत सुरू झाले की त्याची लय नकळत त्या टाळांशी जुळून जाई, आणि ते फक्त आम्हा मुलांच्याच लक्षात येई असे नाही.

त्या टाळांशी आपले नाते काय, हा प्रश्न पुढे वयाबरोबर वाढत गेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो कधी प्रेमाने विचारला, कधी कुत्सितपणे. तुम्ही ख्रिस्ती, मग घरी मराठीच बोलता का, असे विचारणारा शिकलेला मनुष्य आमच्या या शहरात आजही भेटतो. अशा वेळी आपल्याकडील लेखकांचे एक ठरलेले उत्तर असते: फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. मराठी भाषेचा एवढा गौरव ज्या ग्रंथाने केला तो ग्रंथ आमचा, म्हणून ही भाषाही आमची. आम्ही स्वतः हे उत्तर अनेकदा दिले आहे, भाषणांत दिले आहे, लेखांतूनही दिले आहे. यंदा तो ग्रंथ पुन्हा सलग वाचला, आणि ते उत्तर आपण समजतो तितके सोपे नाही अशी जाणीव झाली. तीच येथे मांडावयाची आहे.

प्रथम काळाचा मेळ पाहावा. एकनाथ १५९९ मध्ये समाधिस्थ झाले. इंग्लंडात जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यास लागले. म्हणजे वीस वर्षे हे दोन ओवीकार एकाच भाषेच्या मुलखात श्वास घेत होते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर, आमच्या शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरांवर. एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीक्षेत्री पुरे झाले. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोघांची भेट झाली नाही, होण्याचे कारणही नव्हते. परंतु ज्या ओवीत एक संस्कृतातील भागवत प्राकृत लोकांच्या ओंजळीत घालीत होता, त्याच ओवीत दुसरा उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगणार होता. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. सुमारे अकरा हजार ओव्या, पंच्याण्णव अवस्वरू, दोन पुराणे. परदेशी मनुष्याने परक्या छंदात एवढा दीर्घ श्वास टिकवावा, ही गोष्ट कोणत्याही वाङ्मयात आश्चर्याचीच मानली जाईल.

या गौरवाच्या सुरात आपण एक गोष्ट नेहमी गाळतो. ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूत त्याच्या जन्माची कथा आली आहे. साष्टीतील धर्मशिक्षण आटोपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढे येतो आणि विनवितो की पूर्वीची पुराणे आमच्यापासून दूर झाली, आता आम्ही वाचावे काय? आमच्या भाषेत असे एखादे पुराण असते तर लोकांनी आवडीने ऐकले असते. ही विनंती वाचताना आमच्या आधीच्या पिढीतील बहुतेक समीक्षकांनी त्या ब्राह्मणाच्या भक्तीचे कौतुक केले आहे. आम्हांस मात्र त्या शब्दांत प्रथम एक रिकामे कपाट दिसले. सोळाव्या शतकातील गोव्यात धर्मांतरितांच्या घरातील जुने ग्रंथ काढून घेतले गेले, नष्ट केले गेले. १५६० पासून तेथे धर्मन्यायासन बसले होते. त्या उत्साहातून वाचलेल्या काही मराठी-कोकणी कथांच्या रोमन लिपीतील नकला आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. अभ्यासासाठी का होईना, पण त्या करवून घेणारेही मिशनरीच होते. ख्रिस्तपुराण हे अशा रीतीने एका हरवलेल्या स्मृतीच्या जागी ठेवलेली स्मृती आहे. ते तेजस्वी आहे, आणि ते भरपाईही आहे. या दोहोंपैकी एकच सांगितले तर ग्रंथावर अन्याय होतो, आणि ज्यांनी तो मागितला त्यांच्यावर अधिक.

स्टीफन्स यांचे मोठेपण असे की त्यांनी ती विनंती अक्षरशः ऐकली. त्यांनी पुराणाऐवजी प्रश्नोत्तरांचे पुस्तक देऊन वेळ मारून नेली नाही. (प्रश्नोत्तरांचे पुस्तकही त्यांनी लिहिले, कोकणीत; कोकणीचे पहिले व्याकरणही त्यांचेच.) पुराण मागितले म्हणून पुराणच दिले, आणि पुराणाबरोबर त्याचा शब्दसंसारही येऊ दिला. त्यांच्या ओवीत स्वर्ग हा वैकुंठ होऊन येतो, तारण हे मुक्ती आणि मोक्ष होऊन येते. पवित्र आत्मा मात्र पोर्तुगीज-लॅटिन वेषातच राहतो, कारण तेथे कोणताही देशी शब्द घेतला तरी घोटाळा होईल अशी त्यांस भीती वाटली असावी. कोठे दार उघडावे आणि कोठे कडी लावावी याचा हा विवेक ओवीओवीत चाललेला दिसतो, आणि आमच्या मते ग्रंथाचे खरे नाट्य त्यातच आहे. कथा म्हणून पाहिल्यास पहिले पुराण काही ठिकाणी कंटाळवाणे होते, हे मान्य करावयास हरकत नसावी. राजांच्या आणि संदेष्ट्यांच्या याद्या ओवीत बसतात, पण नाचत नाहीत. दुसऱ्या पुराणात, विशेषतः बालपण आणि दुःखभोग यांच्या कथनात, तोच छंद एकदम सजीव होतो. सांगणारा अध्यापक न राहता कथेकरी होतो.

पुढे आपल्या मराठी उपासनेतून वैकुंठ गेले. बायबलाच्या मराठी भाषांतरांनी ‘स्वर्ग’ पसंत केला, आणि एकोणिसाव्या शतकातील मिशनरी मराठीने जुन्या भक्तिपरंपरेशी शब्दांचे अंतर राखणे हीच शुद्धता मानली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाला चर्चमध्ये परत आणले तेव्हा हे अंतर कमी झाले. तुकोबांच्या सोबतीने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मोकळेपणी सांगत. प्रॉटेस्टंट बंधूंचे हे ऋण आपण कॅथॉलिकांनी फारसे मोठ्याने कबूल केलेले नाही. कदाचित आपली मिस्साच १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये चालत असल्याने मराठीचा प्रश्न आपल्यापुढे उशिरा आला. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेस मुभा दिली आणि पाहता पाहता वेदीवर मराठी आली. परंतु वेदीसमोर गुडघे टेकलेल्या बाया त्याआधीपासून जपमाळ मराठीतच म्हणत होत्या.

ख्रिस्तपुराण टिकले कसे, ही कथाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या असे सांगतात. त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. छापलेला कागद गेला. राहिली ती हातांनी उतरलेली बाडे, घराघरांतून वाचली जाणारी, विशेषतः मंगळूरकडील कुटुंबांत. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास रोमन लिपीत आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडले. ते उजेडात आणणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. आणि याच अ‍ॅबट यांनी १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींवरील जी इंग्रजी ग्रंथमाला काढली, तीत महीपतीने गाइलेले एकनाथचरित्रही आहे. एकाच माणसाच्या मेजावर पैठण आणि रायतूर शेजारी शेजारी येऊन बसले! आपल्या वाङ्मयेतिहासात या योगायोगाची नोंद ठळकपणे व्हावयास हवी होती. त्यानंतर १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांची, आणि १९९६ मध्ये मुंबईहून कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आली. फादर नेल्सन फलकांव यांनी तर आजच्या मराठी गद्यात आणि नंतर इंग्रजीत तो उतरविला. आज ज्याला वाचावयाचा आहे त्याला ‘मिळत नाही’ ही सबब उरलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा ग्रंथ ‘आमचा’ म्हणजे नेमका कोणाचा?

मराठवाड्यातील आपली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे गोव्याहून आलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच धर्मगुरू घोगरगाव परिसरात आले. वैजापूर, गंगापूर या भागातील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून ही मंडळी ख्रिस्ती झाली. पुढे १९७७ मध्ये औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आमच्या आजोबांनी ख्रिस्तपुराणाचे नावही ऐकलेले नव्हते. त्यांचे वाङ्मय म्हणजे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या ‘निरोप्या’चे अंक, जे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचीत, गीतांचे एक पाठ झालेले पुस्तक, आणि नाताळच्या रात्री पेटी-तबल्यावर होणारे भजन. साष्टीच्या त्या प्रश्नकर्त्या ब्राह्मणाच्या घरी गमावण्यासारखी पोथी होती. आमच्या आजोबांच्या वस्तीत पोथीला हात लावण्याचीच मनाई होती. दोघेही ख्रिस्ती झाले, दोघेही मराठी; परंतु दोघांची स्मृती एक नव्हे. ख्रिस्तपुराणास आपली वंशावळ म्हणून मिरविताना आपण दुसऱ्याच्या आजोबांचे चित्र आपल्या भिंतीवर लावीत आहोत काय, ही शंका यंदाच्या वाचनात आमच्या मनातून गेली नाही.

गंमत अशी की त्या वस्तीचा आवाज स्टीफन्स यांच्यापेक्षा पैठणच्या एकनाथांत अधिक ऐकू येतो. त्यांच्या भारुडांत महार बोलतो, गोंधळी बोलतो, भुत्या बोलतो. हिंदू आणि तुर्क एकमेकांशी वाद घालतात आणि शेवटी गळ्यात पडतात. ‘जोहार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनांत तर वेशीवरचा महारच कारभाऱ्यांना शहाणपण शिकवितो. परंतु तोंड महाराचे असले तरी लेखणी एकनाथांची, आणि करुणा कितीही खरी असली तरी ती वरून खाली वाहते. हा आक्षेप आमचा नव्हे. तो याच शहरात, मोठ्या ताकदीने, उभा राहिला.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे जे महाविद्यालय काढले, त्या मिलिंदच्या परिसरातून दलित साहित्याची चळवळ वाढली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुरू केले आणि ते २०१८ मध्ये निधन पावेपर्यंत त्याचे नाव त्यांच्याशी जोडलेले राहिले. ‘अस्मिता’ हा शब्द आज सभासंमेलनांत इतका स्वस्त झाला आहे की त्याची धार जाणवत नाही. पानतावण्यांनी तो नियतकालिकाच्या मस्तकावर लावला तेव्हा त्याचा अर्थ असा होता: आमच्याविषयी दुसऱ्याने, कितीही कळवळ्याने, लिहिलेले आम्हांस पुरे नाही, आमचे आम्ही लिहू. त्यातून नवे लेखक घडले. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. मराठी भाषेने जे शब्द कधी छापील पानावर येऊ दिले नव्हते ते मानाने आत आले.

त्या वर्षांत आमची पाने काय छापीत होती? संतांची चरित्रे, सणांचे माहात्म्य, धर्मगुरूंच्या रौप्यमहोत्सवांची वृत्ते. ती छापू नयेत असे नव्हे. पण वस्ती तीच होती, विहीर तीच होती, शाळेत मागच्या बाकाजवळ बसावे लागल्याची आठवण तीच होती. आम्ही ती लिहिली नाही. बाप्तिस्म्याने जात गेली असे आम्ही म्हणत राहिलो, आणि ती दफनभूमीच्या कोपऱ्यात, लग्नाच्या बोलणीत, सरकारी अर्जाच्या रकान्यात भेटत राहिली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात पुढे शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले; त्यामुळे आमच्या घरांत काही जण दोन नावांनी जगले, एक रजिस्टरातले आणि एक दाखल्यावरचे. या दोन नावांच्या जगण्यावर एक चांगली मराठी कादंबरी आपल्याकडे निर्माण व्हावयास हवी होती. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून दाखविले होते की धर्मांतराने फाटलेल्या संसाराची कथा हसत, रडत आणि कोणालाही न लपविता सांगता येते, आणि अवघा महाराष्ट्र ती आपली मानतो. त्यांचे धैर्य आमच्यात नव्हते. लाज होती, असे म्हणणे अधिक खरे होईल.

जानेवारी २०२० मध्ये याच मराठवाड्यात, उस्मानाबादला (आजच्या धाराशिवला), त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एक कॅथॉलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, अध्यक्षस्थानी होते. त्यांच्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतले, तेव्हा त्यांच्या बाजूने कोणते पुरावे उभे राहिले? जन्माचा दाखला नव्हे. ‘सुवार्ते’च्या संपादनाची वर्षे आणि ‘सुबोध बायबल’ची सहज, वाहती मराठी. त्या मंडपात बसून आम्हांस अभिमान वाटला. परंतु दिब्रिटो वसईचे. त्यांच्या मागे वाड्या, विहिरी आणि शतकांचा ख्रिस्ती शेजार होता. मराठवाड्यातील ख्रिस्ती अनुभव त्या मंडपात पाहुणाच होता, आणि तो पाहुणा राहिला याचा दोष यजमानांचा नव्हता.

तर मग आमची पोथी कोठे आहे? शोध घेता घेता आम्ही पुन्हा ओवीपाशीच आलो, मात्र या वेळी ग्रंथातल्या नव्हे.

आमची आजी गंगापूर तालुक्यातली. पहाटे जाते सुरू होई. पहिली ओवी मरियामातेला, दुसरी बाळ येशूला, तिसरी माहेरच्या भावाला. आणि दाणे संपत आले, हात सैल पडला की कोठून तरी पंढरी येई, चंद्रभागा येई. एकदा मास्तर दारावरून जाताना त्यांनी हे ऐकले आणि रविवारी देवळात नाव न घेता बायांना समज दिली. त्यानंतर आजी पंढरीच्या जागी दुसरे गाव घालून गाऊ लागली. मात्रा जुळत नसत. त्या जागी ती किंचित थांबे आणि जाते तेवढे पुढे जाई. आज समीक्षकाच्या नजरेने पाहताना त्या अडखळण्यात आम्हांस स्टीफन्स यांचाच विवेक दिसतो. वैकुंठ घ्यावे की टाकावे, हा प्रश्न त्यांनी रायतूरच्या विद्यालयात ग्रंथांच्या सोबतीने सोडविला, तिने तो अंधारात पीठ गोळा करीत सोडविला. तिच्यापुढे एकनाथ नव्हते, स्टीफन्स नव्हते. त्या दोघांना जिच्यातून ओवी मिळाली ती जात्यावरची परंपरा मात्र तिची होती. ग्रंथांची ओवी याच घरच्या ओवीतून घडली असे अभ्यासक मानतात. त्या अर्थाने ख्रिस्तपुराण आमच्या आजीचे ऋणी आहे. ही वंशावळ आम्हांस पटते.

पुण्यात गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम आरंभिले. एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात जमा झाल्या. त्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील ओव्या आहेत. तेथील बायांनी बाबासाहेबांना आणि बुद्धाला जात्यावर बसविले, तेव्हा त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, आणि त्यांच्या ओव्या आज त्यांच्या आवाजात ऐकता येतात. आमच्या वस्त्यांमधील मरियामातेच्या ओव्या मात्र आम्हांस कोठे छापलेल्या आढळल्या नाहीत. आम्ही स्वतः तीस वर्षे साहित्यावर लिहीत आलो आहोत. आम्हीही त्या उतरून घेतल्या नाहीत. विजेची गिरणी आली, जाते उखळाशेजारी पडले, पुढे अंगणातल्या पायरीत बसविले गेले. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणताना मधेच अडून इंग्रजीत पुरे करतात. त्यांना रागावण्याचा अधिकार आम्ही कधीच गमावला आहे.

आजीच्या एका ओवीचा पहिला भाग आम्हांस येतो, दुसरा येत नाही. तिच्याबरोबर दळणारी एक म्हातारी अजून गावी आहे. ऐकू कमी येते, पण गळा शाबूत आहे असे तिचा नातू सांगत होता. नाताळपूर्वी तिच्याकडे जाऊन बसावयाचे आम्ही ठरविले आहे.